तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बीण मराठवाड्यात का नाही?

औशाला घरी गेले की पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न येतो. ओसरीवर चहा होतो, सोयाबीनच्या भावावरून सगळे मनसोक्त शिव्या घालून घेतात, आणि मग शेजारचे नाना माझ्याकडे वळतात. "पोरी, तुमच्या त्या दुर्बिणीला कोरडी हवा लागती म्हणं. मग मेक्सिकोला कशाला तडमडता? हितं कोरड्याला काय तोटा हाय?"

मामेभावापासून कॉलेजातल्या सरांपर्यंत सगळ्यांनी हेच विचारून झालंय, म्हणून एकदा लिहूनच टाकते. (आणि औंढा नागनाथला होतंय ते आमचं नव्हे. तो लायगो. गुरुत्वीय लहरी पकडायला त्याला शांत जमीन लागते, वर ढग असले काय नि नसले काय.)

आम्ही शोधतो त्या धुळीत बुडालेल्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे लांबलांबचे समूह. आपल्या आकाशगंगेत वर्षाला सूर्याएवढे एक-दोन तारे तयार होतात. या दीर्घिकांत शेकड्यांनी, कधी हजाराच्या घरात. पण बघायला जावं तर समोर धुळीचा पडदा. ही धूळ आपल्या शिवारातली नव्हे. पातेल्याच्या बुडाला धरते तशी काजळी आणि वाळूच्या जातीचे कण, तेही धुरातल्या कणांइतके बारीक. नव्या ताऱ्यांचा प्रकाश ती गिळते, जराशी तापते (जराशी म्हणजे उणे २४० अंशांच्या आसपास) आणि ती ऊब लांब तरंगांनी बाहेर टाकते. निघताना मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे असलेले हे तरंग विश्वाच्या प्रसरणानं ताणले जातात आणि मिलिमीटरच्या जवळपास पोचतात.

यात एक गंमत आहे. लातूरच्या रस्त्याला लागलेल्या एसटीचा मागचा लाल दिवा लांब जाईल तसा मंद होतो. आमच्या दीर्घिका मिलिमीटर तरंगांत तशा होत नाहीत. अंतरानं तेज जेवढं घटतं, जवळपास तेवढंच ताणामुळे भरून निघतं, कारण धुळीच्या उजेडाचा जास्त झगझगीत भाग सरकत सरकत आमच्या पट्ट्यात येतो. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला उजेड आणि बारा अब्ज वर्षांपूर्वीचा, दोन्ही सारखेच दिसतात. सापडायला सोपं, पण ठिपका किती लांबचा ते मात्र कळत नाही. १९९८ साली हवाईच्या मौना केआवरच्या १५ मीटर दुर्बिणीनं आकाशाचा एक तुकडा तपासला. अंतराळातल्या हबल दुर्बिणीनं आधी त्याच तुकड्याचे प्रसिद्ध फोटो काढले होते. सगळ्यात तेजस्वी ठिपक्याला नाव पडलं एचडीएफ ८५०.१. हबलच्या फोटोत त्या जागी त्याचा पत्ताच नव्हता. त्याचं अंतर ठरायला २०१२ उजाडलं, आणि निघालं काय, तर विश्वाचं वय जेमतेम एक अब्ज वर्षं असतानाची दीर्घिका! चौदा वर्षं एका ठिपक्यासाठी. आमच्याकडे बांधाचे दावेही इतके चालतात म्हणा.

आता पाणी. पाण्याची वाफ हे मिलिमीटर तरंग पिते, आणि वर स्वतःही त्याच तरंगांत चमकते. त्यामुळे स्वच्छ निरभ्र रात्रीसुद्धा आभाळ आम्हाला उजळच दिसतं, दीर्घिकेच्या हजारो पट. ते वजा करायचं कामच माझ्या वाट्याला आलंय. मी त्याला उफणणी म्हणते. कॅमेऱ्याच्या सगळ्या डोळ्यांना एकदम दिसलं ते आभाळ, ते उडवून द्यायचं. एखाद्यालाच दिसलं ते धान्य. पण वारं जोराचं असलं की तुसाबरोबर हलके दाणेही उडतात, तसं दीर्घिकेचं थोडं तेज वजाबाकीत जातंच. किती गेलं ते काढायला आम्ही माहितीत खोटे ठिपके पेरतो आणि त्यातले किती, कसे परत मिळाले ते मोजतो.

म्हणून वाफ मुळातच कमी लागते. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून जमिनीवर ओतली तर किती मिलिमीटर पाणी साचेल, हे आमचं माप. चिलीच्या अटाकामात, ५,००० मीटर उंचीवर आल्मा नावाच्या दुर्बिणीच्या ६६ थाळ्या आहेत, तिथे चांगल्या रात्री ते एकाच्या खाली जातं. आमची ५० मीटरची थाळी मेक्सिकोच्या सिएरा नेग्रावर, ४,६०० मीटरच्या आसपास. लातूरवर पावसाळ्यात हाच आकडा पन्नासच्या आसपास असतो. पाऊस पडो न पडो. हिवाळ्यात उतरतो, तरी आम्हाला हवा त्याच्या कित्येक पट. निम्म्याहून जास्त वाफ जमिनीलगतच्या दोन किलोमीटरांतच असते, आणि लातूर सहाशे-साडेसहाशे मीटरवर. कळसूबाईवर नेऊन ठेवली तरी दुर्बीण वाफेतच.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या पोरीनं आपल्या ओसरीवर बसून सांगायचं की इथली हवा फार ओली आहे. सांगताना जीभ अडखळते. पण खरं आहे ते. जमीन कोरडी म्हणजे आभाळ कोरडं नव्हे.

माझ्या दादांना हे कधीच पटलं. पहिल्या खेपेला मी सिएरा नेग्रावर होते, डोकं ठणकत होतं, तेवढ्यात त्यांचा फोन आला. "तिकडं आभाळ कसंय?" मी म्हटलं, एक ढग नाही. "अरेरे," ते सवयीनं म्हणाले. मग दोघंही गप्प, आणि मग हसलो. तेव्हापासून ते आधी विचारून घेतात: "तुझं चांगलं का माझं चांगलं?"

नानांना मात्र मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वर बघत बसले. ऑगस्टचा शेवट होता, ढग भरून आले होते आणि पूर्वेला चालले होते, नेहमीसारखे.

"म्हंजी वर पन्नास मिलिमीटर हाय?"

"आहे, नाना."

"मग पडंना का?"

२०१५ला त्याच प्रश्नापायी औरंगाबादेहून विमानं ढगांवर फवारणी करायला उडाली होती. मी म्हटलं, नाना, ते माझं खातं नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की परदेशी जाऊन पोरगी शेवटी काय शिकली. तेवढ्यात लाईट आली, आणि ते मोटार चालू करायला उठले.