चोकची केबल तापली तेव्हा

देवबागच्या एका निवृत्त गुरुजींकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची, स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली, म्हणजे हँडल गिअरवाली. गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी त्यांचा फोन आला, "मेस्त्रीनू, काल बरी चालली, आज हूं नाय की चूं नाय." मुलगा कोकण रेल्वेने कुडाळला उतरणार होता आणि त्याला याच गाडीतून आणायचं असं त्यांच्या मनात होतं.

मी पोचेपर्यंत त्यांनी शेजारच्याची चांगली बॅटरी लावून पाहिली होती. त्याआधी कोणी तरी फोनवरच स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, काढून रिवाइंड करायला (तिची तार नव्याने गुंडाळायला) सांगितलं होतं. असा सल्ला ऐकला की मला राग येतो, कारण जुन्या गाडीचा स्टार्टर एकदा उघडला की मूळचे भाग पुन्हा मिळत नाहीत.

हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितलं. टक्‌ एवढाच आवाज, पण लाइट मंद झाले नाहीत. बॅटरी बसलेली असती तर ते झपकन उतरले असते. म्हणजे बॅटरीत जोर होता, स्टार्टरला हवा तेवढा करंट मात्र वाहत नव्हता.

दुसऱ्यांदा चावी फिरवली तेव्हा बॉनेटखालून रबर जळाल्याचा वास आला. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे जाणाऱ्या चोकच्या केबलला (थंड इंजिन चालू करताना ओढायची ती) बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. केबल चांगलीच तापली होती, वरचं आवरण एका जागी मऊ पडलं होतं. तिथेच मला उत्तर मिळालं.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून वेगळं असतं. स्टार्टरचा करंट परत बॅटरीकडे जायला गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची जाड पट्टी असते. ती निकामी झाली की करंट मिळेल त्या वाटेने जातो, आणि इथे ती वाट चोकच्या बारीक तारेतून होती. खात्रीसाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावली. चावी फिरवल्यावर तिथे अर्धा व्होल्टही दिसता कामा नये. काटा 5 च्या पुढे गेला.

खाली सरकून पट्टी पाहिली. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, दोन्हीकडचं खारं वारं खाऊन तांब्याचं विणकाम हिरवं झालं होतं. पान्याने हलवताच निम्म्या तारा भुकटीसारख्या गळल्या. वरून पाहणाऱ्याला मात्र ती अजून जागेवर घट्ट दिसत होती.

जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनला लावलं. गाडी पहिल्याच चावीला लागली. गुरुजी अंगणात उभे होते, "झाला काय?" म्हणत बॉनेटपाशी धावले.

जाड केबलची नवी अर्थिंग केली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. चोकची केबल बदलल्याशिवाय चोक ओढू नका, असं बजावलं. इंजिन तापलेलं असल्याने कुडाळला जाताना त्याची गरजही नव्हती.