आझाद हिंद, पर्वती आणि एक म्हैस

नागपूरहून पुण्याला जायचं तर मी शक्यतो आझाद हिंद एक्सप्रेस पकडते. गाडी हावड्याहून येते, त्यामुळे आपण चढतो तेव्हा डब्यात आधीच एक संसार मांडलेला असतो. खिडकीला पिशव्या लटकलेल्या, सीटखाली मुरमुऱ्यांचा चुरा, आणि आपल्या बर्थवर कुणाचं तरी बाळ झोपलेलं.

यावेळी बाळ झोपत नव्हतं, हीच अडचण होती. समोरच्या आजी त्याला मांडीवर थोपटत अंगाई म्हणत होत्या. बंगाली मला येत नाही, पण एक शब्द कानात अडकला. बर्गी. सुनेला विचारलं, तर ती हिंदीत सहज सांगू लागली. बाळ झोपलं, आळी शांत झाली आणि मुलखात बर्गी आले. पाखरांनी धान्य खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, असा त्या अंगाईचा अर्थ. बर्गी म्हणजे कोण, तर पूर्वी येणारे मराठे घोडेस्वार. मग तिनं विचारलं, "आप कहां से?"

"नागपूर," म्हटलं आणि उगाच पाण्याची बाटली शोधू लागले.

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा शिपाई. १७४१ ते १७५१ अशी दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. शाळेत आम्हाला त्यातलं एवढंच शिकवलं की शेवटी बंगालचा नवाब अलिवर्दीखानानं ओडिशा सोडला आणि वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली. गावं कशी जळली, बायकांचं काय झालं, हे त्या काळच्या एका बंगाली कवीनं लिहून ठेवलंय. आमच्या पुस्तकात त्याला जागा नव्हती. पावणेतीनशे वर्षांनी ते मला सेकंड एसीत एका अंगाईतून कळावं, याची लाज वाटली. झोप काही नीट लागली नाही.

सकाळी पुण्यात उतरले. मामा खडकीला राहतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, वय पंचाहत्तरच्या पुढे, मूळचे वर्ध्याचे, पण चाळीस वर्षं इथे काढल्यावर 'आमचं पुणं' म्हणतात. चहा घेताना त्यांना अंगाईचं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "बंगालचं राहू दे गं. तुमच्या नागपूरकर जानोजी भोसल्यांनी आमचं पुणं जाळलं, ते ठाऊक आहे का तुला?"

"मामा, तुम्हीसुद्धा आमच्याकडचेच आहात."

"लग्न झाल्यापासून नाही," आतून मामी म्हणाल्या.

मग रिक्षा करून आम्ही निघालो. आधी होळकर पुलाजवळची युद्ध स्मशानभूमी. खडकीची ही जागा राष्ट्रकुलाची संस्था सांभाळते, आणि सांभाळते म्हणजे काय ते हिरवळ पाहून कळतं. दुसऱ्या महायुद्धातले दीड हजारांहून जास्त सैनिक इथे आहेत. अधिकारी असो की शिपाई, खुणेचा आकार सारखाच. वय वाचत गेलं की पोटात कालवतं; एकवीस, तेवीस, एकोणीस.

तिथल्या बाकावर मामांनी मला यामाशितांचं सांगितलं. सिंगापूर जिंकणारा हा जपानी जनरल. १९४५ साली मनिलात जपानी सैनिकांनी हजारो हजार नागरिक मारले. अमेरिकन लष्करी आयोगापुढे खटला चालला. यामाशितांनी स्वतः तसा हुकूम दिला हे कुणी सिद्ध केलं नाही. आरोप एवढाच होता की, माणसं तुमची होती आणि तुम्ही त्यांना आवरलं नाही. २३ फेब्रुवारी १९४६ ला फाशी झाली. "तेव्हापासून जगभर कमांडरला हेच सांगतात," मामा म्हणाले. "खालचा चुकला तर तू सुटत नाहीस."

मी विचारलं, त्याच १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन विमानांनी एका रात्रीत टोकियो पेटवलं, लाखाच्या आसपास माणसं गेली. तो खटला कुठे चालला?

"अमेरिका हरली असती तर चालला असता," मामा उठत म्हणाले. गुडघा धरला होता त्यांचा.

घोरपडीचं राष्ट्रीय युद्धस्मारक मी आधी पाहिलं होतं, पण मामांबरोबर नव्हतं. पुणेकरांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, १९९८ मध्ये खुलं झालेलं. मुलं मिग विमानासमोर फोटो काढत होती. मामा नावांच्या भिंतीपुढे चप्पल काढून उभे राहिले, एका नावावर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

१९७१ चा विषय त्यांनीच काढला. युद्ध संपल्यावर ते काही महिने कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. नव्वद हजारांहून जास्त पाकिस्तानी कैदी. जिनिव्हा कराराप्रमाणे त्यांना पत्रं, औषधं, पगार, सगळं नियमानं. "रागानं हात शिवशिवायचे, पण नियम म्हणजे नियम." त्या कैद्यांपैकी १९५ जणांवर नागरिकांच्या कत्तलीसाठी खटला भरायचा, असं बांगलादेशानं ठरवलं होतं. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि तेही १९५ जण बाकीच्यांसारखेच घरी गेले. कैद्यांचं, बांगलादेशाच्या मान्यतेचं, सगळं राजकारण त्या करारामागे होतं. ढाक्यातल्या ज्या घरांतली माणसं गेली, त्यांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्याचं बोलणं सोपं असतं. म्हणून मी ओटिंगचं नाव घेतलं. ४ डिसेंबर २०२१, नागालँडचा मोन जिल्हा. कोळशाच्या खाणीतून शनिवारी संध्याकाळी घरी निघालेल्या सहा मजुरांना आपल्याच कमांडोंनी अतिरेकी समजून मारलं, आणि नंतर चिडलेल्या गावकऱ्यांमधले आणखी काही गेले. राज्य पोलिसांनी तीस जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्रानं खटल्याला मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते खटले बंद केले. पुढे कधी मंजुरी मिळाली तर चालवता येतील, एवढी फट ठेवून.

मामांचा चेहरा आवळला. वाटलं, चिडले. थोड्या वेळानं म्हणाले, "लढाईवर असताना जवानानं नागरिकाचा खून केला तर कोर्ट मार्शल होतं, एरवी साधं कोर्ट. आर्मी ॲक्टमध्ये आहे. मंजुरीची भानगड वेगळी. तिथे विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच घरचे."

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आम्ही भेळ खाल्ली. (चांगली नव्हती.)

संध्याकाळी पर्वती. एकशे तीन पायऱ्या, मामा तीनदा थांबले. वरून सगळं शहर दिसतं, आणि तिथेच त्यांनी जानोजींचा हिशेब पुरा केला. १७६३ साली निजामअलीबरोबर जानोजी भोसले पुण्यावर चालून आले. ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरं वाचली, बाकीची पाडली नाहीतर जाळली. मग राक्षसभुवनच्या लढाईआधी राघोबादादांनी जानोजींना फोडलं, बत्तीस लाखांचा मुलूख देऊ करून. जळालेल्या घरांचा निकाल असा लागला. पुढे माधवरावांनी जानोजींवर स्वाऱ्या केल्या, मुलूख परत घेतला, पण तोही दौलतीसाठी. शनिवारातल्या कुठल्या विधवेच्या छपरासाठी नव्हे.

"आणि महाराजांचं चिपळूणचं पत्र?" मी विचारलं. भाजीचा देठ सगळ्यांना पाठ असतो, तो दुसऱ्या पत्रातला. पण १६७३ च्या चिपळूणच्या पत्रात मला भिडतं ते वेगळंच. रयतेला त्रास झाला तर लोकांना मोगल परवडले असं वाटेल, आणि ती बदनामी तुमच्यावर येईल, असं महाराज थेट जुमलेदार-हवालदारांना बजावतात. काही घडण्याआधीच कुणी उत्तर द्यायचं ते ठरलेलं.

मामा कठड्याला टेकले. "एक सांगू? आमच्या फायरिंग रेंजच्या कडेला एकदा एका शेतकऱ्याची म्हैस गोळी लागून मेली. तो सकाळीच गेटवर रडत आला. त्याच्यासाठी छापील फॉर्म होता. जनावर कुठलं, वय काय, दूध किती, किंमत किती. तलाठ्याचा पंचनामा, साहेबांची सही. तीन महिन्यांत पैसे मिळाले."

"आणि माणूस असता तर?"

"त्याचा फॉर्म मी कधी पाहिला नाही." त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. "म्हशीच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून माझी सही होती. गोळी कुणाची होती, तो रकाना मात्र कोराच ठेवायला सांगितला होता. चल, अंधार पडायच्या आत उतरू."