आठ डॉलरची पँट आणि मोठ्या दातांचा कंगवा

आधीच सांगून टाकतो, बंदूक माझी नव्हती. शेजारचे आजोबा दर हिवाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या ईशान्येला, बीलाइन हायवेवरून टोंटो नॅशनल फॉरेस्टात क्वेल मारायला जातात. क्वेल म्हणजे आपल्या लाव्याची लांबची बहीण, डोक्यावर पुढे झुकलेला काळा तुरा. यंदा आजोबांचा गुडघा कुरकुरत होता, पाणी आणि पक्षी वाहायला गडी हवा होता. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे कुतूहलापोटी मी हो म्हणालो. (एच-वन व्हिसावर इथे आलेल्यांनी लक्षात ठेवा: इथल्या केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक हाताळता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. नीट चौकशी केल्याशिवाय 'जरा धरतो' म्हणूनसुद्धा हातात घेऊ नका.)

'फॉरेस्ट' फक्त पाटीवर. खालच्या भागात सगळं सोनोरन वाळवंट: सग्वारोचे उंच निवडुंग, पालो वर्देची झाडं आणि पाय ठेवाल तिथे काटा. वाळवंट म्हटलं की वाळूच्या रंगाचे ठिपकेदार कपडे डोळ्यांसमोर येतात. मीही आधी तेच बघायला मोठ्या दुकानात गेलो. मांडीवर जाड कापड लावलेली पँट १३० डॉलर, जॅकेट त्याच्याही वर. घडी मोडली तशीच घालून परत ठेवली.

मग गाठलं जुन्या कपड्यांचं दुकान. बांधकामावरचे लोक घालतात ती जाड कॅनव्हासची, गुडघ्यावर दुहेरी कापडाची पँट ८ डॉलरला मिळाली. एका खिशाला रंगाचा डाग होता, तो काट्यांना दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा फिका सुती शर्ट ४ डॉलर. पँट घेताना दुकानातच उकिडवं बसून बघा, लोक बघेनात का. तिथे कमरेत किंवा गुडघ्यात आवळली, तर ओढ्याच्या दरडीवर चढताना हमखास उसवणार. कापडावर हात फिरवा. घट्ट विणीचं, गुळगुळीत हवं. लोकरी, फ्लीस, विणलेलं काहीही वरून नको.

हे शेवटचं वाक्य मी स्वतः पाळलं नाही. पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा ३ अंश होते, म्हणून फ्लीसचा हुडी चढवला. आजोबांनी हुडीकडे पाहिलं, मग माझ्या जाळीच्या पळायच्या बुटांकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. तेव्हाच समजायला हवं होतं.

अर्ध्या तासात चोया भेटला. हा निवडुंग उडी मारून चिकटतो असं म्हणतात. तसं काही नसतं. नुसता धक्का लागला तरी त्याचा लिंबाएवढा तुकडा सुटून येतो, आणि काट्यांना उलटे दाते असल्यामुळे ओढावं तितका रुततो. एक तुकडा बाहीला लागला. तो हातानं झटकायला गेलो, तर बोटांना. मग घाबरून मागे सरकलो तो पाय दुसऱ्यावर. काटा जाळीतून सरळ करंगळीत. आजोबांनी शांतपणे खिशातून मोठ्या दातांचा कंगवा काढला, तुकडा आणि कापड यांच्यामध्ये सरकवला आणि एका झटक्यात उडवला. करंगळीतल्या काट्याला मात्र पक्कड लागली. तेव्हा वाचवायचे तिथे पैसे वाचवा, पण बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, चामड्याचे आणि घरी आठवडाभर वापरून रुळवलेलेच घाला. माझ्या पुढच्या खेपेच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा बुटांचाच होता.

दुसरी चूक सुती बनियनची. चढावर घामानं भिजलं, मग सावलीत पक्ष्यांची चाहूल घेत बसलो तर दात वाजायला लागले. सकाळी आत पातळ, लगेच वाळणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट घाला, वर गुळगुळीत कापडाचं पातळ जाकीट. दुपारी पारा २१वर गेला तेव्हा मात्र सुतीच बरं वाटलं. घरून आणलेला पंचा ओला करून मानेवर टाकला होता. आजोबांनी त्याची किंमत विचारली.

मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो. ऑक्टोबरात पारा तिशीच्या वर असतो आणि रॅटलस्नेकही हिंडत असतात, म्हणून नवख्यांनी डिसेंबर-जानेवारी धरावा. माणशी चार लिटर पाणी.

ठिपकेदार कपड्यांबद्दल. क्वेलसाठी त्यांची गरजच नाही. तो 'चि-का-गो' असं ओरडत झुडपांतून पळत सुटतो, तुम्ही कितीही लपलात तरी. उलट आजूबाजूला छर्‍याच्या बंदुका असताना दिसणं महत्त्वाचं. ॲरिझोनात भगव्या जाकिटाची सक्ती नाही, तरी दहा-बारा डॉलरचं घाला. हरणामागे जाणाऱ्यांनी लष्करी जुन्या मालाच्या दुकानात चक्कर मारावी. अमेरिकी सैन्यानं २०१९ला पूर्ण बाद केलेले करड्या चौकटींचे गणवेश तिथे स्वस्तात मिळतात. कापड निम्मं नायलॉन, निम्मं सुती, चटकन फाटत नाही. पण बऱ्याच खिशांना वेल्क्रो असतं. शांततेत त्याची चर्रर ऐकून हरीण काय, मीही पळेन. उसवून बटणं लावून घ्या.

दिवसाला १५ पक्ष्यांची मर्यादा आहे. आम्हाला चार मिळाले. आजोबांनी दोन मला दिले, मी गोडा मसाला घालून रस्सा केला. जपून चावा, छर्रा दाताखाली येतो.

आणि पँट धुवायला टाकण्याआधी उलटी करून झटका, पायमोज्यांतली कुसळं चिमट्यानं काढा. मी तशीच मशीनमध्ये टाकली. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेतून लंगडत आला, त्याच्या मोज्यात तीन निघाली. तेव्हापासून माझे शिकारीचे कपडे गॅरेजमधल्या बादलीत धुतले जातात, आणि ते धुवायचं काम माझं आहे.