कंदीलपुष्पाची नोंद, तिसरा पावसाळा

यंदा पाऊस लांबला त्यामुळं जीव टांगणीला लागला होता, पण काल जाऊन आलो आणि आपलं कंदीलपुष्प फुललंय! शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा. सलग तिसऱ्या वर्षी, त्याच बोराटीत, म्हणजे रानबोरीच्या काटेरी झुडपात. जागा म्हैसमाळच्या डोंगररांगेत एवढंच सांगतो, नेमकी लिहीत नाही, कंद उकरून नेणारे कमी नाहीत.

जुलैत नुसता वीतभर वेल होता, आता बोराटीच्या आतून कमरेएवढा वर चढलाय. पानं समोरासमोर, जाड, मांसल, घोळीच्या पानासारखी हाताला लागतात. या वेलाची पानं गोलसर आणि वीस पावलांवरच्या दुसऱ्याची लांब अरुंद, पहिल्या वर्षी मी दोन वेगळ्या जाती म्हणून वहीत लिहिलं होतं, पण या जातीत पानाचा आकार असाच बदलतो, म्हणून फूल बघितल्याशिवाय नाव लावू नका.

फूल इंचभराचं. बुडाशी फुगीर, मधे नळी, वर पाच पाकळ्या टोकाला जुळून जांभळट पिंजरा. नळीत आतून केस असतात, सगळे खाली वळलेले. बारीक माश्या वासानं आत उतरतात आणि त्या केसांमुळं त्यांना परत वर येता येत नाही, मग फुगीर भागात फिरताना परागपिंड, म्हणजे परागकणांचे गोळे, त्यांच्या तोंडाला चिकटतात, पुढं केस सुकले की माशी मोकळी, आणि तो ऐवज घेऊन दुसऱ्या फुलात. काल एक फूल न तोडता उन्हाकडं वळवून बघितलं तर आत दोन काळे ठिपके हलत होते. अर्धा तास तिथंच बसलो, उठावंसंच वाटेना.

जागेबद्दल एक गोष्ट आता पक्की वाटतेय. जमीन मुरमाड, काळ्या खडकाच्या फटीतली, पाणी न धरणारी, ते तर आहेच, पण मुख्य म्हणजे काटे. उघड्यावरचे दोन वेल शेळ्यांनी शेंड्यापासून खाल्ले, बोराटीतले सगळे शाबूत. शेळ्या राखणारे एक आबा म्हणाले, "लेकरा, आमी गुरं वळताना ह्याचे कंद काढून खायचो, आता कुठं दिसतंय?" कुंपणाला बोराटी तोडून नेतात तेव्हा आतला वेलही उघडा पडतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही, मला याचीच जास्त काळजी वाटते.

घरची प्रगती: गेल्या हिवाळ्यात जोडशेंगा उकलल्या, रुईसारखीच म्हातारी, हे रुईच्याच कुळातलं ना. पाच बिया आणल्या, बाकी वाऱ्यावर सोडल्या. जूनमध्ये मुरूम आणि वाळूत पेरल्या, तीन रुजल्या, एक जास्त पाण्यानं सडली. उरलेल्या दोघांना बोराटीची वाळकी फांदी रोवून दिलीय, आणि आज सकाळी एकानं तिच्याभोवती पहिला वेढा घातलाय.