शेजाऱ्यांच्या घरातली पुस्तकं

आमच्या सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा आणि तिसऱ्या दिवशी क्विझ, हे कित्येक वर्षं ठरलेलं आहे. प्रश्नही ठरलेलेच, इतके की पहिल्या मजल्यावरच्या काकू प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात. मागच्या वर्षी मीटिंगमध्ये मी जरा तोंड उघडलं, तेच तेच काय विचारता म्हणून. झालं, यंदा प्रश्न काढायचं काम माझ्याच गळ्यात.

विषय सुचला तो फाउंटनच्या फूटपाथवर. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्लिश ॲटलास मिळाला, आणि भारताच्या पानावर सरकारी शिक्का, की यात दाखवलेल्या सीमा बरोबर नाहीत नि अधिकृतही नाहीत. विकणारा म्हणाला, मॅडम शिक्का आहे, पन्नास कमी द्या. म्हणजे सरकारने देशाची सीमा सांभाळली आणि माझे पन्नास वाचले. २०११ मध्ये तर 'द इकॉनॉमिस्ट'ला एका अंकातल्या काश्मीरच्या नकाशावर पांढरा स्टिकर चिकटवून अंक विकावा लागला होता. आता स्टिकर दिसला की माणूस पहिलं काय करतो? नखाने उचकटून बघतो. ज्याने नुसतं पान उलटलं असतं तोही बघतो.

तर राउंड ठरला, शेजारी देश आणि बंदी घातलेली पुस्तकं. मुलगा म्हणाला, आई तुला अंताक्षरी चालली नसती का.

शेजाऱ्यांबद्दल आपल्याला किती कमी माहिती असते हे तेव्हा कळलं, म्हणजे मला स्वित्झर्लंडची चॉकलेटं माहीत, पण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं हे आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांकडून कळलं, घरी फोन लावताना ते पाव तास मिळवतात. साप्ताहिक सुट्टीसुद्धा तिकडे शनिवारी. बांगलादेशच्या सीमेवर तर २०१५ पर्यंत एक तागाचं शेत असं होतं, की ते भारताचं, पण चहूबाजूंनी बांगलादेश, त्या बांगलादेशाच्या चहूबाजूंनी भारत आणि त्या भारताच्या चहूबाजूंनी परत बांगलादेश. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग कांदा चिरायला घेतला, तेव्हा समजलं. आणि म्यानमारमध्ये १९८७ साली पंचेचाळीस आणि नव्वद क्याटच्या नोटा काढल्या, कारण तिथल्या लष्करशहाचा नऊ आकड्यावर भारी जीव. गाडीला नऊची बेरीज येणारा नंबर मिळावा म्हणून जादा पैसे मोजणारे आमच्याही पार्किंगमध्ये आहेत, त्यामुळे हसायची सोय नाही. पण पंचेचाळीसच्या नोटेत भाजीवाला सुटे कसे देत असेल?

म्यानमारवरनंच टिळकांचा प्रश्न निघाला. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, आणि १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात. आणि मंडालेचा राजा थिबा? तो याच काळात रत्नागिरीत नजरकैदेत! १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इकडे आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला. रत्नागिरीचा माणूस मंडालेला आणि मंडालेचा रत्नागिरीला, अशी अदलाबदल कादंबरीत लिहिली तर संपादक म्हणेल जरा जास्तच होतंय. टिळकांनी तिथे पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं, सुटकेनंतर त्याच्या वह्या सरकारने काही दिवस दाबून ठेवल्या, मग परत दिल्या आणि १९१५ मध्ये पुस्तक निघालं. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश इंडियातच होता हे खरं, पण क्विझमध्ये चालतं.

पण मला सगळ्यात आवडला तो स्टॅनली वोल्पर्ट. हा अमेरिकन, १९४८ च्या फेब्रुवारीत जहाजावरचा इंजिनीयर म्हणून मुंबईला उतरला, नेमका गांधीजींच्या अस्थी चौपाटीच्या समुद्रात सोडल्या त्या दिवशी. ती गर्दी बघून तो इतका हलला की इंजिनं सोडून इतिहासाकडे वळला, टिळक आणि गोखल्यांवर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं. मग गांधीहत्येवर कादंबरी लिहिली, तिच्यावर १९६२ मध्ये भारताने बंदी घातली. बरं, माणूस गप्प बसेल की नाही, १९८४ मध्ये त्याने जीनांचं चरित्र लिहिलं, चांगलं कौतुकाचं, तर त्यात जीनांच्या खाण्यापिण्याचे उल्लेख आले म्हणून लष्करशहा झियांच्या पाकिस्तानात त्यावर बंदी. दोन शेजारी, कशावर म्हणून एकमत होत नाही, पण या एका माणसाच्या बाबतीत झालं. आणि जीनांवरचं दुसरं एक पुस्तक, जसवंत सिंहांचं, २००९ मध्ये गुजरात सरकारने बंद केलं, ते हायकोर्टाने महिन्याभरात सोडवलं. म्हणजे जीनांचं कौतुक केलं तर इकडे पंचाईत आणि त्यांच्या ताटात डोकावलं तर तिकडे. त्यांचा मलबार हिलवरचा बंगला मात्र गप्प उभा आहे.

रश्दींचा प्रश्न तर घेणारच होते, मुंबईत जन्मलेला माणूस. 'द सॅटॅनिक व्हर्सेस'च्या आयातीवर १९८८ मध्ये कस्टमची बंदी आली. मग एका वाचकाने कोर्टात जाऊन बंदीचा आदेश दाखवा म्हटलं, तर तो कागदच कुणाला सापडेना, शेवटी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की असा आदेश नाहीच असं धरून चालावं लागेल. छत्तीस वर्षं! रेशनकार्डात नाव घालायला तीन खेपा मारलेल्या कुणालाही याचं फार आश्चर्य वाटणार नाही.

आणि छोट्यांसाठी चीनचा. १९३१ मध्ये हुनान प्रांतात 'ॲलिस इन वंडरलँड' बंद केलं, कारण त्यात प्राणी माणसांसारखे बोलतात. तिकडे आपल्या चिऊताईचं काय झालं असतं? बाळाला तीट लावतेय म्हणून दार उघडायला वेळ लावणारी चिमणी, आणि बाहेर भिजणारा, शेणाचं घर वाहून गेलेला कावळा. दोघंही जप्त.

कमिटीला दाखवायला कागद तयार केला. आता खरं सांगते, द्यायच्या आधी मीच रश्दी खोडला, मग जीना पण खोडले, त्यामुळे बिचारा वोल्पर्ट अर्धा उरला, मग तोही काढला. कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मांडवात तिसऱ्या रांगेत कोण बसतं आणि पहिल्या रांगेत कोण, एवढंच डोळ्यांसमोर आलं.

सेक्रेटरीकाकांनी चष्मा लावून सगळं नीट वाचलं. टिळकांच्या प्रश्नावर थांबले. "हे जेलबिल सणाच्या दिवशी नको गं. नोटांचा चांगला आहे." मग खाली आले आणि चक्क हसले.

"हा चिऊताईचा ठेव हं, पोरांना आवडेल. फक्त ते चीनचं नाव काढ, उगाच कशाला."