हिरवा कागद

काकू बार्शीकडच्या, वय ५२. तळपायांना मुंग्या आणि जिना चढताना दम. हिमोग्लोबिन ७.२, जीभ तासल्यासारखी गुळगुळीत. दुर्बिणीची तपासणी बाहेर झालेली: जठरात तुरीच्या दाण्याएवढे चार कोंब, बायॉप्सीत 'कार्सिनॉइड', म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, बहुधा संथ वाढणारी गाठ. पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवून काढलेलं गॅस्ट्रिन १,१५०. ते साधारण शंभरच्या आत हवं. मुलानं कुठेतरी 'कॅन्सर' हा शब्द ऐकला होता.

गॅस्ट्रिन म्हणजे जठराच्या खालच्या टोकाकडून निघणारा हुकूम: आम्ल सोडा. आकडा हजारापार गेला की शिकवलेलं उत्तर आधी आठवतं, झोलिंजर आणि एलिसन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला आजार, म्हणजे गॅस्ट्रिन ओतणारी गाठ. मीही तेच धरलं आणि महागड्या स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली.

पण खटकत होतं. अशा गाठीत आम्लाचा पूर येतो, अल्सर होतात, जुलाब लागतात. काकूंना यातलं काहीच नाही. स्कॅनआधी मी पुन्हा दुर्बीण घातली, जठरातला रस ओढला आणि दोन थेंब पीएच पेपरवर टाकले. लाल व्हायचा तो कागद हिरवा झाला. पीएच ७, म्हणजे आम्ल जवळपास नाहीच (आम्ल जितकं जास्त, तितका हा आकडा कमी).

"सर, पेपर जुना झाला असेल," सिस्टर म्हणाल्या. कँटीनमधून लिंबू मागवलं. त्याच डबीतली पट्टी लगेच लाल!

काकूंच्या प्रतिकारशक्तीनं आम्ल बनवणाऱ्या पेशीच खाऊन टाकल्या होत्या. बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही त्याच पेशी बनवतात. म्हणून मुंग्या, म्हणून रक्त कमी. एरवी रसाचा पीएच तीनच्या खाली उतरला की जठरातल्या डी पेशी सोमॅटोस्टॅटिन हे लगाम घालणारं हार्मोन सोडून गॅस्ट्रिनला आवरतात. इथं आम्लच नाही, तर आवरणार कोण? हुकूम वर्षानुवर्षं सुटत राहिले, आणि त्यांच्या माऱ्यानं हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी वाढून ते कोंब झाले. पुढच्या बायॉप्सीनं शिक्कामोर्तब केलं.

स्कॅनची चिठ्ठी फाडली, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. एवढे लहान कोंब काढून अधूनमधून दुर्बिणीनं बघत राहिलं की बहुधा भागतं, हे मुलाला तीनदा सांगावं लागलं.

काकू मात्र वेगळ्याच हिशेबात होत्या. "पोटात ॲसिडच न्हाई म्हणता, मग धा वर्सं रोज सकाळी पित्ताची गोळी कशापायी गिळली मी?"

चिठ्ठ्या माझ्यासारख्यांनीच लिहिलेल्या होत्या.