आमची वाटचाल : शिक्का कशाची हमी देतो?

वह्या आणि कागदी वेष्टने बनवण्याचा व्यवसाय आम्ही सुरू केला, तेव्हा रिमवर एफएससीचे (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे जंगलांच्या जबाबदार व्यवस्थापनाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे) चिन्ह दिसले की तो कागद जंगल राखूनच तयार झाला असणार, असे आम्ही धरून चालत होतो आणि ग्राहकांनाही तेच सांगत होतो. पुढे एका ग्राहक संस्थेने पुरवठादाराच्या प्रमाणपत्राची प्रत मागितली, आणि त्या निमित्ताने आम्ही ते प्रथमच शेवटपर्यंत वाचले. प्रमाणपत्र खरे होते, मुदतही संपलेली नव्हती. मात्र त्यात नोंदलेल्या उत्पादनांच्या यादीत आम्ही घेत असलेला कागद नव्हता. ती चूक आम्ही त्या संस्थेला लेखी कळवली आणि शिल्लक मुखपृष्ठांवरचा मजकूर झाकून टाकला. त्या दिवशी वाटलेली शरम अजून आठवते.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्रमाणपत्राचा क्रमांक एफएससीच्या सार्वजनिक नोंदीत स्वतः तपासतो. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्वतः तपासणी करत नाही. ते काम मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्था करतात. ‘मिक्स’ या चिन्हाचा अर्थ सगळा लगदा प्रमाणित जंगलातला, असा होत नाही, हेही आम्हाला उशिरा समजले.

स्वतःच्या वह्यांवर चिन्ह छापायचे, तर आम्हालाही प्रमाणपत्र घेणे भाग होते. आलेल्या लेखापरीक्षकांनी खरेदीची आणि विक्रीची बिले ताडून पाहिली, गोदामात प्रमाणित कागद वेगळा ठेवला आहे का, ते पाहिले. त्यांचे काम चोख होते. पण जंगलाची तपासणी साखळीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कोणीतरी केलेली असते, आणि आमच्या कागदपत्रांचे मोल त्या तपासणीवर अवलंबून असते. शिवाय तपासणीचे शुल्क आम्हीच भरतो. यात लबाडी असतेच असे नाही, तरी ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, ही या व्यवस्थेची खरी दुबळी बाजू आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच तपासणाऱ्यांवर देखरेख करणारी वेगळी संस्था आहे की नाही, हे आम्ही आधी विचारतो.

प्रत्यक्ष वस्तू कोणी पाहिलीच नाही तर काय होते, हे अमेरिकेत २०१० मध्ये दिसले. तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने एनर्जी स्टार या वीज वाचवणाऱ्या उपकरणांना चिन्ह देणाऱ्या सरकारी योजनेकडे २० बनावट उत्पादने मंजुरीसाठी पाठवली, त्यांपैकी १५ मंजूर झाली. त्यांत पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळही होते. त्यानंतर तिथे त्रयस्थ चाचणी सक्तीची झाली. त्रयस्थ तपासणीवरचा आमचा विश्वास या घटनेने उलट वाढलाच.

आता आम्ही ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द वापरत नाही. चिन्ह कागदातील लाकडाच्या धाग्यापुरते बोलते; शाई, गोंद आणि मुखपृष्ठावरील प्लास्टिकच्या थराविषयी ते काहीच सांगत नाही. शाईची माहिती आम्ही उत्पादकाकडून लेखी मिळवली आहे. गोंदाची अद्याप आलेली नाही, म्हणून आमच्या माहितीपत्रकात तो रकाना कोरा आहे.